पोर्ट झिरोवरची विभूती

मायक्रोप्रोसेसर आपल्याला कळणार नाही, हे मला पहिल्याच तासाला कळलं. सरांनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला, त्याच्या पोटात लहान लहान चौकोन काढले, एकातून दुसऱ्यात बाण सोडले आणि म्हणाले, "डेटा इथून इथं जातो." डेटा म्हणजे नेमकं काय जातं, त्याला जा म्हणून कोण सांगतं, आणि तो गेला हे कळायचं कसं, हे सगळं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अख्खा वर्ग माना खाली घालून चौकोन काढत होता. मीही काढला. माझा सगळ्यांत सुबक आला, कारण मी पट्टी वापरली होती.

मुळात मी इलेक्ट्रॉनिक्सला आले तीच चुकून. कॉम्प्युटरला मार्क कमी पडले आणि इकडे पुरले, एवढंच माझं आणि या शाखेचं नातं. कुरुंदवाडला आमचं पेंड-भुशाचं दुकान. घरातला पंखा अडला तर अप्पा त्याला काठीनं ढोसत आणि तो निमूट फिरू लागे. आमच्या घराण्याचं विजेचं ज्ञान तेवढंच. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आत्याच्या माडीवरच्या खोलीत राहायचे, सकाळी बसनं गावाबाहेरच्या कॉलेजात जायचे आणि संध्याकाळी आणखी गोंधळून परत यायचे.

प्रॅक्टिकलला दोघींत एक किट मिळे. हिरव्या पाटीवर काळ्या चिपा, छोटा कीपॅड आणि लाल आकडे उमटणारी एक पट्टी. प्रोग्राम आकड्या-अक्षरांच्या जोड्यांत भरायचा. मी वाचायची आणि माझी जोडीदारीण बटणं दाबायची. "तीन ई. शून्य पाच. शून्य सहा." आम्ही पाढे म्हटल्यासारखं म्हणायचो. शेवटी पट्टीवर बरोबर आकडा आला की हुश्श, आणि चुकीचा आला की सर लांबूनच म्हणायचे, "परत भरा." कुठं चुकलं हे कुणी सांगायचं नाही, आम्हीही विचारायचो नाही. परत भरायचो.

ही जोडीदारीण कळंब्याची. तिच्या घरून तळं दिसतं आणि तिचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचत असावा. बोलताना ती इथल्या पुष्कळ मुलींसारखी स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलतो" असंच बोलायची. तिचं घर बौद्ध, आजोबांपासून देवाधर्माला रजा दिलेलं, आणि कुठल्याही गोष्टीला "का?" विचारल्याशिवाय तिला जेवण पचत नसे. मायक्रोप्रोसेसरपुढं मात्र तिचाही "का" गार पडला होता.

पहिल्या खेपेला मी लेखी परीक्षेत चांगली पास झाले. पाठांतर माझं खणखणीत. 'पोर्ट झिरोची वैशिष्ट्यं लिहा', दोन मार्कांचा प्रश्न होता. मी नोट्समधली ओळ न् ओळ उतरवली आणि दोन्ही मार्क घेतले. आपटले ती तोंडी परीक्षेत. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी एक सोपा प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. ते नुसतं म्हणाले, "नक्की?" मी लगेच उत्तर फिरवलं. ते पुन्हा म्हणाले, "नक्की?" मी परत पहिल्या उत्तरावर आले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. जोडीदारीणही बुडाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "एकदमच बुडलो की गं दोघी. सोबत तरी हाय."

घरी सांगितलं तेव्हा अप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. वजनकाट्यावर भुशाचं पोतं ठेवता ठेवता म्हणाले, "आनि एकदा बस. ह्या खेपंला न्हाय झालं तर गाशा गुंडाळायचा. चिकोडीची मानसं कवाधरनं इचारत्यात." चिकोडीला अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, माहेर, तिकडचं एक स्थळ माझ्यासाठी सांगून आलं होतं. मुलाचं कृषी केंद्र होतं आणि फोटोत तो ट्रॅक्टरला टेकून उभा होता. म्हणजे हा एक विषय सुटला तर शेवटचं वर्ष, नाहीतर ट्रॅक्टर. मला शेवटचं वर्ष हवं होतं. इतकं हवं होतं की रस्त्यानं चालतानाही नोट्स पुटपुटत राहायचे.

दुसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेत स्वतः बनवलेला बोर्ड चालवून दाखवायचा होता. तयार बोर्ड चालणार नव्हता. चिप आणा, सॉकेटमध्ये बसवा, तारा जोडा, प्रोग्राम लिहून आत घाला आणि त्याच्याकडून काहीतरी काम करून घ्या. आम्ही पाण्याची टाकी निवडली. कुरुंदवाडच्या घरी मोटर बंद करायला अव्वा हमखास विसरते, टाकी वाहते, पाणी शेजारच्यांच्या भिंतीवरून उतरतं आणि शेजारची काकू गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते, "गंगा आली गं!" तेव्हा टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. टाकीत एक फ्लोट तरंगत राहणार. पाणी वर आलं की त्याच्यातला स्विच जुळणार. फ्लोटची एक तार चिपच्या एका पिनेला. स्विच उघडा असला तर चिपनं 'एक' वाचायचा आणि मोटर चालू ठेवायची. जुळला की 'शून्य' वाचायचं आणि मोटर बंद. बाकावर मोटरच्या जागी आम्ही बल्ब लावला होता.

कागदावर हे इतकं सोपं होतं की मला संशयच यायला हवा होता.

पिन निवडताना मी चिपच्या कोपऱ्यात पाच व्होल्टची पिन आहे, तिच्या शेजारचीच घेतली. कारण काय, तर तिथं सोल्डरचा डाग मारायला सोपं पडत होतं. पोर्ट झिरो म्हणजे चिपच्या आठ पिनांचा एक गट, त्याची हीच पहिली पिन. बोर्ड चालू केला तर बल्ब पेटला, विझला, पेटला, आणि बल्बाची वीज तोडणारा-जोडणारा रिले कट-कट, कट-कट वाजत सुटला. फ्लोटला तर कुणी हातही लावला नव्हता. जोडीदारीण वाकली तर थांबला. ती सरळ झाली तर पुन्हा सुरू.

"ह्यो माझ्यावर चिडलाय व्हय?" ती म्हणाली.

आम्ही प्रोग्राम बदलला. तारा बदलल्या. नवी चिप आणली. एखाद्या सकाळी तो शहाण्यासारखा वागायचा आणि सरांना बोलवून आणेपर्यंत पुन्हा कट-कट. सर म्हणाले, "सगळं नोट्समध्ये आहे," आणि पुढच्या बाकाकडे गेले. मी नोट्स पुन्हा पाठ केल्या. दुसरं काय करणार होते?

खंडेनवमीला बोर्ड घेऊनच गावी गेले. सकाळी लॅपटॉप उघडून प्रोग्राममध्ये एक दुरुस्ती केली: पिन एकदा वाचायची, थोडं थांबायचं, परत वाचायची. तोवर सोप्यात पूजेची मांडामांड सुरू झाली होती. वजनकाटा, मोटरसायकल, विळे, खुरपी, पोती शिवायचा दाभण, सगळं धुऊन-पुसून ओळीनं लागलं. आम्ही लिंगायत, आमच्याकडं आधी विभूती, मग बाकीचं. अव्वा पाण्यात विभूती कालवून प्रत्येक हत्यारावर तीन बोटं ओढत येत होती. ओळ संपली तशी माझ्यापुढं उभी राहिली.

"आन की तुजं."

"काय?"

"तुजं हत्यार. ते तारांचं. दुकानदाराचा काटा, तर तुजं ह्येच की."

नाही म्हणायचं मनात होतं. पण तिनं माझ्या बोर्डाला काट्याच्या आणि विळ्याच्या रांगेत जागा करून ठेवली होती, मग मला नाही म्हणवलं नाही. वीज काढून बोर्ड पाटावर ठेवला. तिनं चिपवर ओली विभूती ओढली, तीन पट्टे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चार झेंडूच्या पाकळ्या टाकल्या आणि हात जोडले.

दुपारी वीज जोडली. बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी फ्लोट वर उचलला, बल्ब विझला. खाली सोडला, पेटला. कट-कट नाही की काही नाही. मी ओरडलेच. अव्वा पदराला हात पुशीत आली आणि बल्बाकडं बघून म्हणाली, "बघ. मान दिला की ऐकतंय."

"अव्वा, मी प्रोग्राम बदललाय," मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले.

कॉलेजात पिशवीतून बोर्ड काढला तेव्हा जोडीदारणीनं आधी हसून घेतलं. "हे काय गं? बोर्डाचं लगीन लावलंस व्हय? अक्षता कुठायत?" शेजारच्या बाकावरची पोरंही डोकावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कापसावर स्पिरिट घेतलं आणि विभूती पार पिनांच्या फटींतूनसुद्धा पुसून काढली. चिप लखलखीत झाली. मग मोठ्या ऐटीत वीज जोडली.

कट-कट. कट-कट. कट-कट.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण ते सगळे एकसारखेच होते. स्पिरिटनं काही बिघडलं म्हणून चिप बदलली. दुरुस्ती चुकली म्हणून जुना प्रोग्राम घातला, मग नवा, मग दोन्ही मिळून तिसरा. इंटरनेटवर बघितलं तर तिथं प्रत्येकाचा बोर्ड पहिल्या फटक्यात चालत होता. मी रडकुंडीला आले होते. बसमध्ये खिडकीशी बसून ट्रॅक्टर मोजायचे, आणि मोजतेय हे लक्षात आलं की मान फिरवायचे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी जोडीदारीण बाकावर हात आपटून म्हणाली, "हे बघ, तिथं चालत हुतं, हितं चालंना. मधी काय बदललं? एकेक सांग."

"प्रोग्राम तोच. चिप बदलून बघितली. तारा त्याच."

"आनि?"

आणि काय ते दोघींनाही दिसत होतं, पण बोलायची लाज वाटत होती.

मी अव्वाला फोन लावला आणि विचारलं, त्या दिवशी बोर्डाला नेमकं काय केलंस? पलीकडून तिचा आवाज आला, एवढासा. "माझ्यानं बिघडलं व्हय गं, अक्का? मी हात लावाय नको हुता." घरात मला अक्का म्हणतात. इतके दिवस मी माझ्याच गोंधळात होते. तिकडं हीही माझी परीक्षा पोटात घेऊन बसली असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. "तुझ्यानं काही बिघडलं नाही," मी म्हणाले, "फक्त सांग." ती म्हणाली, "काय न्हाय गं. त्या काळ्या किड्यावर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली. जरा पातळच कालवली गेलती. पायांवर ओघळली. तवाच पुसाय पायजे हुती."

विभूतीची वडी माझ्या खोलीत असतेच, अव्वानंच दिलेली. आम्ही दोघी पेठेत आलो, आत्याच्या माडीवर बोर्ड मांडला. मी वाटीत विभूती तशीच पातळ कालवली आणि जोडीदारणीकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? आम्ही मानत न्हाय असलं. पण लाव की! बघू तरी."

मी तीन बोटं ओढली. जरा वेळ वाळू दिली आणि वीज जोडली. बल्ब पेटला, आणि पेटलेलाच राहिला. फ्लोट वर, बंद. फ्लोट खाली, चालू. जोडीदारणीनं फ्लोट स्वतः वर-खाली करून बघितला. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. मी श्रद्धाळू म्हणावी तितकी श्रद्धाळू नाही आणि शहाणी म्हणावी तितकी शहाणीही नाही. जोडीदारीण तर रागावलीच होती. "असं कसं असंल?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "काय तरी कारण असणारच की. असायलाच पायजे." पण कारण तिलाही सापडत नव्हतं. शेवटी ठरलं की विभूती तशीच राहू द्यायची आणि कुणी विचारलं तर पूजा म्हणून सांगायचं.

परीक्षक या वेळी दुसरे होते, वयस्कर आणि हळू बोलणारे. आमचा बोर्ड एखाद्या गुणी पोरासारखा चालला. मी मनातल्या मनात शेवटच्या वर्षाची पुस्तकंसुद्धा घेतली. तेवढ्यात ते वाकले.

"हे पांढरं काय आहे?"

"पूजा केलीय, सर," जोडीदारीण म्हणाली. त्या खोलीत तिचा आवाज पहिल्यांदाच लहान निघाला.

"असू दे. पण बोर्ड स्वच्छ हवा. पुसून घ्या." त्यांनी स्पिरिटची बाटली माझ्याकडं सरकवली.

समोर ट्रॅक्टर उभा राहिला, इंजिन चालू असलेला. "सर," मी म्हणाले, "पुसलं की बंद पडतं."

मागची पोरं फसकन हसली. आमच्या सरांनी छताकडं बघितलं. परीक्षक मात्र हसले नाहीत. "असं? मग पुसा आणि काय दिसतं ते मला सांगा. कारण आत्ताच सांगू नका. नुसतं दिसतं ते."

मी पुसलं. कट-कट सुरू झालं. मी दिसेल ते सांगत गेले. बल्ब पेटतोय, विझतोय. फ्लोट उघडाच आहे. माझा हात जवळ नेला की लय बदलते. लांब नेला की परत बदलते. फ्लोट जुळवून धरला की मात्र एकदम शांत. पुन्हा उघडा केला की धिंगाणा. बोलता बोलता मीच थांबले. जुळला असताना पिनेला 'शून्य' सांगणारी तार होती. उघडा असताना मात्र तिला 'एक' म्हणून कुणी सांगतच नव्हतं. मी धरून चालले होते की ती आपली आपण समजून घेईल. बिचारी हवेत लोंबकळत होती. कुणाचाही हात जवळ आला की त्याचं ऐकत होती.

आणि माझ्या तोंडून ती दोन मार्कांची ओळ आपोआप बाहेर पडली, नोट्समध्ये होती तशीच: "पोर्ट झिरोला अंतर्गत पुल-अप नसतात, ते बाहेरून जोडावे लागतात." ती ओळ मी कितीतरी वेळा म्हटली होती, लिहिली होती, तिचे मार्क खाल्ले होते. ती मला त्या दिवशी ऐकू आली. पिनेला पाच व्होल्टकडं हलकेच ओढून धरणारं काहीतरी हवं, एवढाच तिचा अर्थ होता.

"मग ते पांढरं काय होतं?" परीक्षकांनी विचारलं.

पाच व्होल्टची पिन, शेजारी आमची पिन, आणि मधे अव्वाच्या बोटांवरून ओघळलेली ओली राख. राखेत क्षार असतात, वाळली तरी ते हवेतला ओलावा धरून ठेवतात. थोडी का होईना, वीज जाते.

"पुल-अप, सर."

मागं आता कुणी हसलं नाही. परीक्षक माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "नक्की?"

तोच शब्द. माझी जीभ सवयीनं उत्तर फिरवायला निघाली होती. मी ती दातांत धरली. "रेझिस्टर लावून बघते, सर," मी म्हणाले. जोडीदारणीनं मी सांगायच्या आधीच रेझिस्टरची डबी उघडली होती. त्या दोन पिनांच्या मधे मी एक रेझिस्टर डागला. डाग ओबडधोबड आला. वीज जोडली. बल्ब पेटला आणि पेटलेलाच राहिला. परीक्षकांनी हात जवळ नेला, लांब नेला. बल्ब ढिम्म हलला नाही.

बाहेर आल्यावर जोडीदारणीनं माझ्या पाठीत असा धपका घातला की तो मला अजून आठवतो. "म्हटलो नव्हतो मी? कारण असणारच की!" मग म्हणाली, "पण तुझ्या आईनं राख फासली नसती तर आपल्याला कळलंच नसतं. ह्याला काय म्हणायचं?"

विषय सुटला. चिकोडीला अप्पांनी काय कळवलं ते मी विचारलं नाही. शेवटच्या वर्षालाही सगळं कळलं असं नाही. फक्त न कळलेलं विचारायची लाज गेली.

बोर्ड आता कुरुंदवाडला जिन्याखाली, प्लॅस्टिकच्या डब्यात असतो. मोटर आपोआप बंद होते आणि शेजारच्या काकूला ओरडायला काही कारण उरलेलं नाही. पुढच्या खंडेनवमीला काटा, विळे, खुरपी ओळीनं लागली. अव्वा विभूतीची वाटी घेऊन जिन्याखाली आली, डबा उघडला आणि ओली बोटं तशीच हवेत धरून थांबली.

"अक्का, कुठं लावू?"

मी वाकून बघितलं. कडेच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं लाव. इथं काही जोडलेलं नाही."

"नक्की न्हवं?"

"नक्की," मी म्हणाले.